डॉक्टरची भाकरी

कार्डिफ, ऑक्टोबर

'ॲन ॲपल अ डे कीप्स द डॉक्टर अवे' ही म्हण आपल्याकडे शाळेत पाठ होते आणि तिचा अर्थही तिथेच पक्का होतो: फळं खा, निरोगी राहा. वेल्समध्ये राहायला आल्यावर तिचा जुना अवतार वाचनात आला, आणि म्हणीचा रोख तब्येतीइतकाच घरखर्चावर असल्याचं लक्षात आलं.

तिची सापडलेली सगळ्यांत जुनी छापील नोंद १८६६ सालची आहे. 'नोट्स अँड क्वेरीज' नावाचं एक नियतकालिक लंडनहून निघायचं. वाचकांनी प्रश्न पाठवायचे, उत्तरंही वाचकांनीच द्यायची. ते सुरू करणारे विल्यम थॉम्स; 'फोकलोर' हा शब्द त्यांनीच इंग्रजीत रूढ केला. त्यात पेम्ब्रोकशायरची, म्हणजे वेल्सच्या अगदी पश्चिम टोकाची म्हण म्हणून ती छापून आली. झोपताना सफरचंद खा, म्हणजे डॉक्टरला त्याची भाकरी मिळायची नाही, असा तिचा मतलब. पुढे १९१३ साली एलिझाबेथ राइट यांनी खेड्यापाड्यांतल्या बोलींवरच्या आपल्या पुस्तकात इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातलं रूप दिलं. त्यात डॉक्टरवर भाकरी मागत फिरायची पाळी येते. आज सर्वतोमुखी असलेलं सुटसुटीत रूपही त्यांनी तिथेच नोंदवलं आहे. या सुटसुटीत रूपात भाकरी गळून गेली आणि तिच्याबरोबर म्हणीतला राग गेला.

सफरचंदच का, याचं उत्तर पेम्ब्रोकशायरमधल्याच हॅव्हरफर्डवेस्टच्या बाजारात एका विक्रेत्या आजींनी दिलं. त्यांच्या गाड्यावर ब्रॅमली सफरचंदं होती, हिरवी, ओबडधोबड, मुठीत न मावणारी. ही आंबट जात शिजवून खायची. आजींच्या लहानपणी सफरचंदं माळ्यावर पेंढा पसरून एकेक सुटी मांडून ठेवत. एकाला दुसरं टेकू द्यायचं नाही, कारण एक नासलं की शेजारचंही नासतं. आठवड्यातून एकदा वर जाऊन नुसत्या वासावरून खराब फळ हुडकायचं काम मुलांकडे असे. नीट ठेवलेली फळं फेब्रुवारी-मार्चपर्यंत पुरत. थंडीत बाहेर ताजं फळ मिळत नसताना परसातल्या झाडाचं, फुकटचं हे एकच फळ गरिबाच्या घरात असायचं. जीवनसत्त्वांचा इथे काही संबंध नव्हता. 'व्हिटामिन' हा शब्दच १९१२ सालचा, आणि 'क' जीवनसत्त्व तर सफरचंदात संत्र्याच्या मानाने फारच थोडं.

आता डॉक्टरच्या भाकरीकडे येऊ. त्या काळी डॉक्टर घरी आला की त्याची फी द्यावी लागे, औषधाचे पैसे वेगळे. शेतमजुराच्या घरात तेवढी रोकड कुठून असणार? तेव्हाचे अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांचा राष्ट्रीय विम्याचा कायदा १९११ साली झाला. कामगाराने आठवड्याला चार पेनी भरायच्या, मालकाने तीन, सरकारने दोन, आणि कामगाराला डॉक्टर मोफत. पण त्याच्या बायकोला आणि मुलांना नाही! हे वाचलं की आजही जीव तुटतो. १९३९ साली मार्जरी स्प्रिंग राइस यांचं कामकरी बायकांच्या प्रकृतीवरचं पुस्तक निघालं. १२५० बायकांच्या माहितीवर ते उभं आहे. पाठ धरली, पाय सुजले, अंगात रक्त नाही, तरी त्यातली बाई उभीच. डॉक्टरकडे जायचं ते मुलांसाठी, स्वतःसाठी नाही. आपल्या आज्या-पणज्यांची आठवण यावी असं हे पुस्तक आहे.

डॉक्टरच्या खर्चाच्या या भीतीवर एक तोडगा वेल्सच्या खाणपट्ट्यातच निघाला. ट्रेडिगार गावात खाणकामगारांनी आपल्या मजुरीतून थोडे थोडे पैसे जमवून मंडळ काढलं, डॉक्टर पगारावर ठेवले आणि जवळजवळ अख्ख्या गावाची सोय केली. कादंबरीकार ए. जे. क्रोनिन यांनी तिथे डॉक्टरकी केली होती. त्याच गावात तेराव्या वर्षी खाणीत उतरलेला अन्यूरिन बेव्हन पुढे आरोग्यमंत्री झाला आणि ५ जुलै १९४८ रोजी त्याने राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. गावाची सोय देशाची झाली. पहिल्या वर्षात ५० लाखांहून अधिक चष्मे वाटले गेले. वर्षानुवर्षं अंगावर दुखणी काढलेल्या बायका दवाखान्यात येऊ लागल्या. बेव्हनच्या १९५२ सालच्या पुस्तकाच्या नावातच भीतीचा उल्लेख आहे, तो मला फार नेमका वाटतो. पुढे याच खाणपट्ट्यातले कितीतरी दवाखाने भारतीय डॉक्टरांनी चालवले, हेही मराठी वाचकाला ठाऊक असावं.

म्हणीची परीक्षा शास्त्रज्ञांनीही घेतली आहे. २०१५ साली अमेरिकेत ८,३९९ प्रौढांची माहिती तपासली. रोज सफरचंद खाणारे त्यात ७५३ निघाले. शिक्षण, धूम्रपान वगैरे फरक हिशेबात धरल्यावर डॉक्टरकडच्या खेपांत दोन्ही गटांत फरक उरला नाही. सफरचंदवाल्यांना डॉक्टरने लिहून दिलेली औषधं मात्र किंचित कमी लागत होती.

आज वेल्समध्ये डॉक्टरची फी नाही, आणि २००७ पासून चिठ्ठीवरच्या औषधांनाही पैसे पडत नाहीत. इंग्लंडमध्ये एका औषधामागे ९.९० पौंड पडतात. तरीही डॉक्टरला दूर ठेवण्याची जुनी सवय म्हाताऱ्या माणसांत मला पदोपदी दिसते. सकाळी आठला दवाखान्याचे फोन सुरू होतात आणि लाइन लागता लागत नाही, हे त्याचं एक कारण आहेच. पण त्याहून खोल आहे तो संकोच: डॉक्टरला कशाला त्रास द्यायचा, आपल्यापेक्षा आजारी माणसं असतील. करोनाच्या काळात हा संकोच इतका वाढला की कर्करोगाची लक्षणं दिसली तर या, आम्हाला ओझं वाटणार नाही, अशी जाहिरात आरोग्य सेवेला करावी लागली. तीन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला तर दाखवा, हा तिचा साधा नियम. आमच्या शेजारचे आजोबा दीड महिना खोकत होते. मध आणि गरम पाणी चालू होतं, फोन काही करत नव्हते. शेवटी मुलगी स्वान्सीहून आली, तिने आठला फोन लावला, वेळ घेतली आणि स्वतः त्यांना घेऊन गेली.