मेमरी गळते कुठे?

मोबाइल रेंगाळायला लागला की आपण तो बंद करून पुन्हा चालू करतो आणि बहुतेकदा तो ताळ्यावर येतो. असं का होतं? एखादं अॅप चालताना मेमरीचे तुकडे मागून घेतं आणि काम झालं तरी परत करायला विसरतं. ते बंद पडलं की सगळे तुकडे आपोआप मोकळे होतात.

हा विसराळूपणा पकडायला प्रोग्रामर ‘व्हॅलग्रिंड’ वापरतात. ज्युलियन सेवर्ड यांनी २००२ साली आणलेलं हे साधन फुकट मिळतं. बल्लारशहाच्या सागवान डेपोत लाकडावर हातोड्याचा शिक्का बसतो, आवक-जावक नोंदली जाते. तसंच हे साधन प्रत्येक तुकडा प्रोग्रामच्या कुठल्या ओळीने मागितला आणि तो परत आला का, हे टिपतं. तुकडा परत आला नाही आणि त्याचा ठावठिकाणाही प्रोग्रामकडे उरला नाही, तर ती गळती. एवढी कारकुनी करायची म्हणजे प्रोग्राम सहज दहा-वीसपट मंदावतो!

दिवसचे दिवस चालणाऱ्या प्रोग्राममध्ये खरी पंचाईत होते ती लांबलचक यादीची. जुन्या नोंदींच्या गर्दीत नवी गळती शोधायची कशी? एप्रिल २०२३च्या ३.२१ आवृत्तीत प्रोग्राम चालू असतानाच, मागच्या तपासणीनंतर नव्याने दिसलेल्या गळत्या तेवढ्या मागवता येतात. तपासा, संशयित बटण दाबा, पुन्हा तपासा. माझ्या मते त्या आवृत्तीतली ही सर्वांत कामाची सोय. एकच फाइल दोनदा बंद केली तर तीही चूक नंतरची ३.२३ आवृत्ती, सांगितल्यास, दाखवते.