पट कमी, म्हणून शाळा वाईट?

गावातल्या जिल्हा परिषद शाळेचा पट 14 वर आलेला असतो. शिक्षक दोन. ऐपत असलेल्या घरांची मुले पिवळ्या बसने तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात. उरतात ती बौद्धवाड्यातली आणि मजुरांची. मग आई-बाप आपल्याला विचारतात, "आमचं पोर इथंच ठेवायचं का?"

उत्तर पटावरून देऊ नका. अर्धा दिवस शाळेत बसा आणि चार गोष्टी पाहा.

पहिली, शिकवणे. शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार 60 मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक हवेत. त्यातले एक सतत बैठका आणि माहिती भरण्यात अडकले असतील, तर ती एकशिक्षकी शाळाच. मुलाला त्याच्या इयत्तेचा, न शिकवलेला उतारा वाचायला द्या. तो समजून वाचत असेल, तर लहान पट ही त्याची सोयच आहे; गुरुजींना प्रत्येकाची अडचण ठाऊक असते.

दुसरी, सोबत. इयत्तेत एकटेच मूल असेल तर चर्चा, स्पर्धा, मैत्री कोणाशी? मोठ्या मुलांत ते मिसळते का, पाहा.

तिसरी, वागणूक. लहान शाळेत तेच शिक्षक चार-पाच वर्षे असू शकतात. चांगले असतील तर मूल घडते; जातीवरून टोमणे मारणारे असतील तर सुटका नसते. वर्ग कोण झाडतो, खिचडी खाताना कोण कुठे बसतो, हे बघा. बाबासाहेबांना वर्गात वेगळे बसवले होते, हे विसरू नका.

चौथी, पुढची वाट. पाचवीनंतर शाळा किती दूर, एसटी कधी? वाट अवघड असली की आधी मुलीची शाळा सुटते.

मूल वाचत नसेल, अपमान सोसत असेल, तर शाळा बदला. शाळा टिकवायची म्हणून लेकराचे वर्ष घालवू नये. पण शाळा बरी असेल तर केवळ गणवेश आणि टाय पाहून काढू नका. 2023 मध्ये शासनाने 20 पेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले होते. आपली शाळा गेली तर उरलेल्यांनी कुठे जायचे?

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असे कायदा सांगतो. तिथे आपल्या वाड्यातली आई बसवा. बैठकीत शिक्षकाची रिकामी जागा, बंद शौचालय, वाचन यावर ठराव लिहून घ्या. जयंतीच्या वर्गणीतला थोडा वाटा विहारातल्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गाला द्या. "शिका" ही हाक त्या 14 मुलांसाठीही आहे.

जय भीम.