‘निवडून येणारा’ उमेदवार : पुणे करारापासून आजपर्यंत

निवडणूक जवळ आली की आपल्या वस्त्यांतून, महाविद्यालयांच्या आवारांतून आणि कार्यकर्त्यांच्या बैठकांतून एकच प्रश्न पुन:पुन्हा ऐकू येतो : ‘माणूस चांगला आहे हो, पण निवडून येतो का?’ ह्या एका वाक्याने आजवर किती उमेदवाऱ्या कापल्या गेल्या असतील ह्याची मोजदाद करणे कठीण आहे. गंमत अशी की, हे वाक्य उच्चारणारा माणूस आपण फार व्यवहारी बोलत आहोत अशा समजुतीत असतो. ऐकणाराही मान डोलावतो. चर्चा तिथेच संपते. प्रस्तुत लेखात ही ‘निवडून येण्याची क्षमता’ म्हणजे नेमके काय, ती उमेदवाराच्या अंगी असते की मतदारसंघाच्या रचनेत असते, ह्याची तपासणी करावयाची आहे.

पक्षाने उमेदवार ठरविण्यापूर्वी मतदारांनीच प्राथमिक फेरीत मतदान करून तो निवडावा, ही पद्धत अमेरिकेची म्हणून आपण ओळखतो. परंतु भारतातही कायद्याने बांधलेली प्राथमिक निवडणूक एके काळी अस्तित्वात होती आणि ती फक्त अस्पृश्य मतदारांसाठी होती, ही गोष्ट राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही सहसा ठाऊक नसते. मी वर्गात हा विषय काढतो तेव्हा पुणे करार म्हणजे ‘स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि राखीव जागा आल्या’ एवढेच उत्तर मिळते. उत्तर चुकीचे नाही. पण त्यात मधली पायरी गळून पडलेली असते, आणि आपला आजचा प्रश्न नेमका त्याच पायरीवर उभा आहे.

ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघांतून प्रांतिक विधिमंडळांत ७१ जागा दिल्या होत्या, शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही मत दिले होते. गांधीजींच्या उपोषणानंतर २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्यास करार झाला. जागा १४८ झाल्या, स्वतंत्र मतदारसंघ गेले. त्यांच्या बदली जी तडजोड झाली ती अशी : प्रत्येक राखीव जागेसाठी त्या मतदारसंघातील अस्पृश्य मतदारांनी प्रथम आपसांत मतदान करावे, प्रत्येकाने एकच मत द्यावे, सर्वांत जास्त मते मिळविणाऱ्या चौघांची यादी तयार व्हावी आणि मग त्या चौघांतून एकाची निवड स्पृश्य-अस्पृश्य अशा सर्व मतदारांनी मिळून करावी. ही प्राथमिक निवडणुकीची पद्धत दहा वर्षांसाठी होती.

म्हणजे दोन प्रश्न दोन फेऱ्यांत वाटून दिले गेले. पहिल्या फेरीचा प्रश्न, ‘आमचा विश्वास कुणावर?’ दुसऱ्या फेरीचा प्रश्न, ‘सर्वांना मिळून चालेल असा कोण?’ कागदावर हे न्याय्य दिसते. आता हिशेब मांडून पाहू. समजा, एका मतदारसंघात एक हजार अस्पृश्य मतदार आणि नऊ हजार इतर मतदार आहेत. पहिल्या फेरीत एकाला ६००, दुसऱ्याला २००, तिसऱ्याला १२० आणि चौथ्याला ८० मते पडली. चौघेही यादीत आले. अंतिम फेरीत हजारच्या हजार अस्पृश्यांनी पहिल्याला मते दिली आणि नऊ हजारांतील दोन हजार इतरांनी जरी चौथ्याला मते दिली, तरी चौथा जिंकतो. ज्याला स्वत:च्या समाजाने शंभरातील आठ मते दिली तो त्या समाजाचा प्रतिनिधी ठरतो. ज्याला साठ दिली तो पडतो, आणि ‘निवडून न येणारा’ म्हणून त्याची नोंद होते. चौथा यादीत येण्यापुरता आला की पुरे.

हा धोका बाबासाहेबांच्या ध्यानात होता. पुढे करार अंमलात आणताना दोन गोष्टींवर वाद झाला. चौघांची यादी ही कमाल मर्यादा की किमान? आणि अनेक जागांच्या मतदारसंघात मतदाराने आपली सर्व मते एकाच उमेदवाराला द्यावीत की वाटून द्यावीत? हे प्रश्न वरवर कारकुनी वाटतात. पण अल्पसंख्य मतदाराला आपली सर्व मते एका ठिकाणी गोळा करता आली तर त्याचा उमेदवार टिकतो; सक्तीने वाटावी लागली तर तो बुडतो. मुंबई इलाख्यात मते एकवटण्याची मुभा राहिली. १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेब मुंबईतून निवडून आले, तेही काँग्रेसने त्यांच्यासमोर पी. बाळू ह्यांच्यासारखा नामांकित क्रिकेटपटू, स्वत: अस्पृश्य समाजातील, उभा केलेला असताना. मताधिक्य दोन हजारांच्या आसपास होते. स्वतंत्र मजूर पक्षाने १७ जागा लढविल्या आणि त्यांतील बहुतांश जिंकल्या. क्षमता उमेदवारांची होतीच. पण मतदानाच्या नियमाने तिला वाट करून दिली होती.

१९४५-४६ मध्ये चित्र पालटले. राखीव जागा तोपर्यंत १५१ झाल्या होत्या. चारांहून अधिक उमेदवार असतील तरच प्राथमिक फेरी घ्यावयाची असा नियम असल्यामुळे ती केवळ ४३ जागांवर झाली. त्यांपैकी २२ जागा शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनने लढविल्या आणि १३ ठिकाणी फेडरेशनचा उमेदवार पहिला आला. अंतिम निवडणुकीत मात्र १५१ पैकी फेडरेशनच्या पदरात जेमतेम दोन जागा पडल्या. ह्या दोन आकड्यांमध्ये, तेरा आणि दोन, आपला सगळा विषय सामावलेला आहे. विरोधकांनी दोनचा आकडा उचलला आणि अस्पृश्य समाज फेडरेशनच्या मागे नाही असा निष्कर्ष काढला. बाबासाहेबांनी पहिल्या फेरीच्या निकालाकडे बोट दाखविले. सत्तांतराच्या वाटाघाटींत मोजला गेला तो शेवटचा आकडा.

बाबासाहेबांच्याच बाबतीत काय घडले ते क्रमाने पाहिले तर ‘निवडून येण्याची क्षमता’ ह्या कल्पनेचा फोलपणा पुरता उघडा होतो. जुलै १९४६ मध्ये मुंबई प्रांतातून घटना समितीवर जाण्याचा मार्ग त्यांना बंद होता. ते बंगालमधून निवडून आले, जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या बळावर. फाळणीमुळे ती जागा गेली. जुलै १९४७ मध्ये त्याच मुंबईतून, काँग्रेसच्या पाठिंब्याने ते पुन्हा निवडले गेले. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत, घटनेचा मसुदा सिद्ध करून झाल्यावर, ते उत्तर मुंबईत काँग्रेसच्या नारायणराव काजरोळकरांकडून सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभूत झाले. त्याच वर्षी ते राज्यसभेवर गेले. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा पराभव. माणूस तोच, विद्वत्ता तीच, त्याग तोच. बदलत होता तो मतदार कोण आणि मते कशी मोजावयाची हा नियम. मग ही क्षमता बाबासाहेबांच्या ठिकाणी होती की नव्हती, असे विचारण्याला काही अर्थ उरतो काय?

समुद्रापलीकडे ह्याच काळात ह्याच खेळाची उलटी बाजू चालू होती. टेक्सास राज्यात अंतिम निवडणुकीत काळ्या नागरिकाला तत्त्वत: मत होते, परंतु डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक केवळ गोऱ्यांसाठी राखलेली होती. तिथे त्या पक्षाला आव्हानच नसल्यामुळे प्राथमिक फेरीत जिंकला तोच खरा विजयी. १९४४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा घटनाबाह्य ठरविली. तिथे काळ्यांना निर्णायक पहिल्या फेरीतून हाकलले होते. इथे अस्पृश्यांना पहिली फेरी दिली आणि निर्णायक दुसरी फेरी इतरांच्या हाती ठेवली. दोन्हीकडे मताचा हक्क होता. मताचे वजन नव्हते.

स्वतंत्र भारताच्या घटनेत प्राथमिक फेरी राहिली नाही. ती जाण्यापूर्वी, ऑगस्ट १९४७ मध्ये, मद्रासचे सभासद एस. नागप्पा ह्यांनी घटना समितीत एक दुरुस्ती मांडली होती : राखीव जागेवर विजयी व्हावयाचे तर उमेदवाराला अनुसूचित जातींच्या मतांपैकी किमान ३५ टक्के मते मिळालेली असावीत. ती मागे घेतली गेली. त्यानंतर राखीव जागेच्या प्रतिनिधीवर त्याच्या समाजाचा विश्वास आहे की नाही हे मोजण्याचे कायदेशीर साधन आपल्याजवळ उरले नाही. ऑगस्ट १९५५ मध्ये फेडरेशननेच विधिमंडळांतील राखीव जागा रद्द कराव्यात असा ठराव केला, ह्याची संगती ह्या इतिहासात लागते.

आमच्या मराठवाड्याने तर ती प्राथमिक फेरी पाहिलीच नाही. पुणे करार ब्रिटिश प्रांतांसाठी होता. आम्ही निजामाच्या संस्थानात होतो. इथल्या दलिताच्या हाती पहिले खरे मत आले ते १९५२ च्या निवडणुकीत. माझ्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. आमच्या घरातली वडीलधारी माणसे मतदानाला निघताना एकच बजावीत : ‘मत वाया घालवू नको.’ त्या सांगण्यामागे अडाणीपणा नव्हता. ज्याच्याजवळ एकच नाणे आहे तो ते जपूनच खर्च करणार. पण ‘वाया’ म्हणजे काय हे कुणी ठरविले? पडलेल्या उमेदवाराला दिलेले मत वाया, आणि निवडून आल्यावर वस्तीकडे पाठ फिरविणाऱ्याला दिलेले मत सार्थकी लागले, हा हिशेब आपला नव्हे. तो आपल्या हाती कुणीतरी दिलेला आहे.

अलीकडे काँग्रेस पक्षाने २०१४ च्या लोकसभेपूर्वी देशातील मोजक्या मतदारसंघांत अंतर्गत प्राथमिक निवडणुकीचा प्रयोग केला. महाराष्ट्रात त्यात वर्धा आणि लातूर होते. लातूर हा मराठवाड्यातला, अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघ. मते सामान्य मतदारांची नव्हती, पक्षाच्या पदाधिकाऱ्यांची होती. दोन्ही ठिकाणचे विजयी उमेदवार त्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत दोन लाखांहून अधिक मतांनी पडले. वारे विरुद्ध होते हे खरे. तरीही पक्षाचे पदाधिकारी ज्याला ‘येणारा’ म्हणतात तो मतदारांच्या दृष्टीनेही तसाच असतो असे नाही, एवढा बोध ह्यातून घेता येतो.

ह्याच्या उलट उदाहरणे आहेत. १९६२ मध्ये बी. पी. मौर्य हे अलीगढच्या सर्वसाधारण मतदारसंघातून रिपब्लिकन पक्षाचे खासदार झाले. दलित आणि मुस्लिम मते एकत्र आली होती. १९९८ मध्ये महाराष्ट्रातून प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, रामदास आठवले आणि जोगेंद्र कवाडे हे चौघे लोकसभेवर गेले, आणि चारही जागा राखीव नव्हत्या. काँग्रेसशी समझोता होता, रिपब्लिकन गट एकत्र होते. त्याच्या आदल्या वर्षी हे चौघे खुल्या जागांवर येतील असे कुणी म्हटले असते तर लोक हसले असते. ऐक्य फुटले आणि ती ‘क्षमता’ही ओसरली. आमच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, २०१९ साली एमआयएम आणि वंचित बहुजन आघाडीचे उमेदवार इम्तियाज जलील सुमारे साडेचार हजार मतांनी निवडून आले. चार वेळचे खासदार चंद्रकांत खैरे पडले. एका अपक्षाने पावणेतीन लाखांहून अधिक मते घेतली, हा त्या निकालाचा मोठा भाग होता. युती मोडल्यावर, २०२४ मध्ये, तेच जलील पराभूत झाले.

ह्या सर्वांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. निवडून येण्याची क्षमता हा उमेदवाराचा उंची-वजनासारखा गुण नाही. ती युतीतून, मतविभागणीतून, मतमोजणीच्या नियमांतून आणि लोकांच्या अपेक्षेतून घडते. ‘तो येत नाही’ असे शंभर जणांनी म्हटले की तो येत नाही, कारण त्या शंभरांनी त्याला मत दिलेले नसते. २००८ च्या जानेवारीत आयोवासारख्या गोऱ्यांच्या राज्यात बराक ओबामा जिंकले, तेव्हा ‘गोरे लोक ह्याला मत देणार नाहीत’ असे मानणारे अनेक काळे मतदार त्यांच्याकडे वळले. त्या एका रात्रीत उमेदवार बदलला नव्हता.

म्हणून निवडून येण्याचा विचारच करू नये असे मी म्हणत नाही. हरण्यातच पावित्र्य मानणाऱ्यांची एक परंपरा आपल्यात आहे. वस्तीच्या पाण्याचा, शिष्यवृत्तीचा, अत्याचाराच्या खटल्याचा प्रश्न सभागृहात न्यावयाचा तर सभागृहात माणूस लागतो, हे ती विसरते. माझे म्हणणे एवढेच की, हा वाद पुराव्याने व्हावा. ‘येतो’ म्हणणाऱ्याला विचारावे : कुणाच्या मतांनी येतो? मागच्या निवडणुकीत केंद्रवार मते किती होती? ती मते माणसाची होती की युतीची? ज्यांच्या मतांवर तो येणार ते त्याला कोणत्या प्रश्नावर गप्प बसावयास लावतील? आणि ‘येत नाही’ म्हटला जाणारा पडलाच, तर त्याच्या पराभवातून संघटना उरेल की फक्त कर्ज?

आणखी एक काम आपल्याला करता येण्याजोगे आहे. बहुतेक राखीव मतदारसंघांत अनुसूचित जातींचे मतदार निम्म्यापेक्षा कमीच असतात, तेव्हा अंतिम फेरीचा निकाल एकट्याने फिरविणे आपल्या हाती नाही. पण पहिली फेरी कायद्याने गेली असली तरी ती घेण्यास कायद्याची मनाई नाही. पक्षांची तिकिटे मुंबई-दिल्लीत ठरण्यापूर्वी वस्त्यावस्त्यांतून सभा घ्याव्यात, इच्छुकांना समोरासमोर उभे करावे, गुप्त मतदान घ्यावे आणि आकडे छापून जाहीर करावेत. ते आकडे कुणावर बंधनकारक नसतील. त्यांत पैसा शिरेल, पोटजातींची गणिते शिरतील, हेही धरून चालावे. परंतु निकालानंतर ‘हा तुमचाच प्रतिनिधी आहे’ असे कुणी सांगू लागले, तर त्याच्यापुढे ठेवावयास १९४६ प्रमाणे आपल्याजवळ एक तेराचा आकडा तरी असेल.