‘नो ड्राइव्ह्ज फाउंड’: डिस्क दिसत नाही म्हणजे नेमकं काय दिसत नाही?

पीएचडीच्या तयारीत आपण संशोधन पद्धती वाचतो, सांख्यिकी घोकतो, पेटच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवतो. लॅपटॉपकडे मात्र काम अडेपर्यंत कोणी बघत नाही. मग ‘आर’ आणि क्यूजीआयएस नीट चालावं म्हणून उबंटू टाकायचं ठरतं. किंवा विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला म्हणून विंडोज 11 नव्याने टाकायला घेतो. पेनड्राइव्ह लावला, भाषा निवडली, पुढे पुढे केलं आणि स्क्रीनवर येतं: एकही ड्राइव्ह सापडली नाही.

याच क्षणी चुकीचा निर्णय घेतला जातो. कोणी म्हणतं डिस्क गेली, नवीन घे. कोणी म्हणतं फॉरमॅट मार, येईल. पहिल्या सल्ल्यात पैसे जातात, दुसऱ्यात डेटा. चंद्रपूर-गडचिरोलीत काम करणाऱ्या विद्यार्थ्याचा डेटा म्हणजे काय असतो ते आठवा: एका उन्हाळ्याचे कॅमेरा ट्रॅपचे फोटो, माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्यांच्या मुलाखतींचं रेकॉर्डिंग, सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांतल्या सर्वेक्षणाच्या नोंदी. लॅपटॉप पुन्हा विकत घेता येतो. तो उन्हाळा पुन्हा येत नाही.

म्हणून आजच्या लेखात एकच प्रश्न घेऊ. डिस्क ‘दिसत नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा ती कोणाला दिसत नाही?

आधी वाघाचं उदाहरण

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात कॅमेरा ट्रॅप लावतात. एखाद्या पाणवठ्यावरच्या कॅमेऱ्यात वाघ आला नाही, तर तिथे वाघ नाही असं कोणी लिहीत नाही. तो त्या रात्री दुसऱ्या वाटेने गेला असेल, कॅमेऱ्याची बॅटरी संपली असेल, समोर गवत वाढलं असेल. असणं वेगळं आणि आढळणं वेगळं. मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये मांडलेली ऑक्युपन्सी मॉडेलची पद्धत याच फरकावर उभी आहे.

छोटा हिशोब करा. समजा, जागेवर प्राणी आहे आणि एका फेरीत तो आढळण्याची शक्यता 0.3 आहे. पाच फेऱ्यांत एकदाही न आढळण्याची शक्यता 0.7 चा पाचवा घात, म्हणजे सुमारे 0.17. प्राणी असूनही साधारण सहापैकी एका वेळी तुम्ही ‘नाही’ लिहून मोकळे व्हाल. फेऱ्या वाढवल्या की ही चूक कमी होते.

पण एक अट आहे. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, वाघाच्या हिशोबाने लावला असेल आणि तुम्ही शोधताय उंदराएवढा प्राणी, तर शंभर रात्रींनीही फार फरक पडणार नाही. तिथे फेऱ्या वाढवायच्या नसतात, पद्धत बदलायची असते.

डिस्कचंही तसंच आहे. सैल केबलमुळे डिस्क कधी दिसते, कधी नाही. तिथे दोन-तीनदा बंद-चालू करून बघण्यात अर्थ आहे. इन्स्टॉलरकडे कंट्रोलरचा ड्रायव्हरच नसेल तर दहा वेळा रीस्टार्ट करूनही तेच उत्तर येणार. आपली अडचण यांतली कोणती, हे आधी ठरवायचं.

साखळी समजून घ्या

डिस्क आणि इन्स्टॉलरच्या पडद्यामध्ये पाच कड्या आहेत. स्वतः डिस्क. तिला वीज आणि डेटा देणारी जोडणी. मदरबोर्डवरचा कंट्रोलर आणि बायोसमधली त्याची सेटिंग. इन्स्टॉलरमधला ड्रायव्हर. आणि शेवटी डिस्कवरची विभागणी, म्हणजे पार्टिशन टेबल, फाइल सिस्टिम, एन्क्रिप्शन. प्रत्येक कडीला एक चाचणी आहे. क्रमाने गेलात तर पंधरा-वीस मिनिटांत कळतं की अडलंय कुठे.

चाचणी 1: बायोसला दिसते का?

मशीन चालू करताना एफ-2, एफ-10 किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये जा. स्टोरेजच्या यादीत डिस्कचं नाव आहे का बघा. काहीही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. ही तुमची मूळ नोंद.

इथेही नाव नसेल तर प्रश्न सॉफ्टवेअरचा नाही. डेस्कटॉपमध्ये साटा केबल आणि पॉवरची पिन काढून पुन्हा बसवा, दुसरी केबल, दुसरा पोर्ट वापरून बघा. काही मदरबोर्डवर एम.2 स्लॉट भरला की एखादा साटा पोर्ट आपोआप बंद होतो. ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. नवी एम.2 एसएसडी घेतली असेल तर ती साटा प्रकारची की एनव्हीएमई, हे तपासा. दोन्ही दिसायला जवळपास सारख्या असतात, पण काही जुन्या लॅपटॉपांचा स्लॉट फक्त साटाच ओळखतो. दुकानदाराला लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल सांगूनच घ्या.

डिस्क सकाळी दिसते, मशीन तापल्यावर गायब होते आणि थंड झाल्यावर परत येते, असं होत असेल तर जोडणी किंवा डिस्कच खराब होत चालल्याची शंका घ्या. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा अशा काठावरच्या डिस्क आधी माना टाकतात. अशी डिस्क पुन्हा दिसली की पहिलं काम इन्स्टॉलेशनचं नाही, डेटा बाहेर काढण्याचं.

चाचणी 2: बायोसला दिसते, इन्स्टॉलरला नाही?

आजकाल सर्वात जास्त लोक इथेच अडकतात, आणि डिस्क बहुतेक वेळा ठणठणीत असते.

इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपांत कंट्रोलर साध्या एएचसीआय मोडऐवजी ‘रेड’ किंवा ‘आरएसटी’ मोडमध्ये येतो. 11 व्या पिढीपासून लॅपटॉपांत ‘व्हीएमडी’ नावाची व्यवस्था दिसू लागली. दोन्हीत एनव्हीएमई डिस्क एका मधल्या कंट्रोलरच्या आड जाते. त्या कंट्रोलरशी बोलायचा ड्रायव्हर असेल तरच मागची डिस्क दिसते.

विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये तो ड्रायव्हर नसेल तर ‘लोड ड्रायव्हर’ हा मार्ग आहे. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा आरएसटी किंवा व्हीएमडी ड्रायव्हर घ्या. तो एक्झी फाइल असेल तर तसाच चालत नाही. आतल्या आयएनएफ वगैरे फाइली वेगळ्या काढून, पेनड्राइव्हवर फोल्डर करून द्याव्या लागतात. ड्रायव्हर लोड झाला की डिस्क यादीत येते, बायोसला हात लावावा लागत नाही. मला हा मार्ग सर्वात सुरक्षित वाटतो.

लिनक्समध्ये चित्र थोडं वेगळं आहे. लाइव्ह सेशन उघडा आणि टर्मिनलमध्ये एल-एस-बी-एल-के ही कमांड द्या. यादीत एस-डी-ए दिसलं म्हणून खूश होऊ नका, तो बहुधा तुमचा पेनड्राइव्हच असतो. आकार बघून ओळखा. एनव्हीएमई डिस्कचं नाव ‘एनव्हीएमई’नेच सुरू होतं. ते नसेल तर डी-मेसेज, म्हणजे कर्नलची नोंदवही, वाचा. जुन्या आरएसटी मोडमध्ये तिथे स्पष्ट लिहिलेलं सापडतं की रीमॅप केलेली एनव्हीएमई डिस्क आढळली, ती वापरायची तर बायोसमध्ये रेडऐवजी एएचसीआय करा. यंत्राने कारण लिहून ठेवलेलं असतं, आपण वाचत नाही. व्हीएमडीचा ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्ये बरीच वर्षं आहे, त्यामुळे नव्या मशीनवर आधी ताजी आवृत्ती वापरून बघा.

मोड बदलण्याआधी थांबा

‘बायोसमध्ये जा आणि एएचसीआय कर’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. अर्धाच मिळतो. लॅपटॉपवर आधीचं विंडोज ठेवायचं असेल तर खालचा क्रम पाळा.

पहिलं, डेटाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि दोन-चार फाइली उघडून खात्री करा.

दुसरं, बिटलॉकरची रिकव्हरी की मिळवा. ती 48 अंकांची असते. मायक्रोसॉफ्ट खातं वापरून सेटअप केलेल्या बऱ्याच लॅपटॉपांत एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं, मालकाला पत्ताही नसतो. बायोसमधली सेटिंग बदलली की विंडोज की मागू शकतं. ती नसेल तर डिस्क शाबूत, डेटा शाबूत, आणि तुम्ही बाहेर. की कागदावर लिहा आणि बिटलॉकर तात्पुरतं सस्पेंड करा.

तिसरं, खात्याचा खरा पासवर्ड आठवतो का बघा. सेफ मोडमध्ये नेहमीचा पिन चालेलच असं नाही.

चौथं, विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये उघडायला सांगा. एमएस-कॉन्फिगमध्ये बूट टॅबवर ‘सेफ बूट’ची खूण करा. रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा, मोड एएचसीआय करा किंवा व्हीएमडी बंद करा, सेव्ह करा. सेफ मोडमध्ये विंडोज नव्या मोडचा ड्रायव्हर उचलतं. मग खूण काढून नेहमीसारखं सुरू करा आणि बिटलॉकर परत चालू करा. हा टप्पा गाळला तर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ अशी निळी स्क्रीन येते. घाबरू नका, बायोसमध्ये जुना मोड परत केला की विंडोज बहुतेक वेळा पूर्ववत सुरू होतं. पहिल्या चाचणीतले फोटो इथे कामी येतात.

एक अपवाद. प्रयोगशाळेतल्या वर्कस्टेशनमध्ये दोन डिस्क जोडून खरोखरचा रेड केलेला असेल किंवा ऑप्टेन मेमरी लावलेली असेल, तर मोड बदलू नका. तिथे डेटा दोन्हीकडे वाटलेला असू शकतो. मशीन ज्यांनी लावलं त्यांना आधी विचारा.

बायोसमध्ये पर्यायच दिसत नाही? एसरच्या बऱ्याच लॅपटॉपांत तो लपवलेला असतो. मेन टॅबवर असताना कंट्रोल आणि एस एकत्र दाबलं की उघडतो.

चाचणी 3: डिस्क दिसते, पण जागा घेत नाही?

म्हणजे पहिल्या चार कड्या ठीक आहेत. आता विभागणी बघा. विंडोज म्हणत असेल की डिस्क एमबीआर किंवा जीपीटी पद्धतीची असल्याने चालणार नाही, तर पेनड्राइव्ह चुकीच्या मोडमध्ये बूट झालाय. यूईएफआय मोडला जीपीटी लागतं, जुन्या लेगसी मोडला एमबीआर. बूट मेनूमधून पेनड्राइव्हची दुसरी नोंद निवडली की बरेचदा काम होतं, काही पुसावं लागत नाही.

डिस्कपार्टमधली ‘क्लीन’ ही कमांड इथे सुचवली जाते. ती त्या डिस्कवरची सगळी पार्टिशनं उडवते. ‘लिस्ट डिस्क’ हवं तेवढं चालवा, ‘क्लीन’ मात्र डिस्क कोरी करायची असेल तेव्हाच. उबंटूचा इन्स्टॉलर बिटलॉकर चालू आहे म्हणून थांबत असेल तर विंडोजमध्ये जाऊन एन्क्रिप्शन बंद करा, तिथूनच पार्टिशन लहान करून जागा मोकळी ठेवा आणि फास्ट स्टार्टअपही बंद करा.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, नोंदवहीत वाचन-त्रुटींच्या ओळी भरभरून येत असतील, किंवा स्मार्ट तपासणीत ‘पेंडिंग सेक्टर’ वाढत असतील, तर इथेच थांबा. अशा डिस्कवर काहीही इन्स्टॉल करू नका. डीडीरेस्क्यूने तिची पूर्ण प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि पुढचं काम त्या प्रतिमेवर करा. डेटा मोलाचा असेल आणि आवाज वाढत असेल तर मशीन बंद करून जाणकाराकडे द्या.

फील्डवर निघण्याआधी

देशातल्या 2018 च्या व्याघ्रगणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे लागले आणि 3,48,58,623 फोटो निघाले. त्यांतले वाघांचे होते 76,651. तुमचा प्रकल्प याच्या हजाराव्या हिश्श्याचा असला तरी जवळपास पस्तीस हजार फोटो सांभाळायचे आहेत, आणि कामाचा एकेक फोटो त्या ढिगात असतो. एका लॅपटॉपवर हा भार ठेवू नका. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावात.

भामरागड, एटापल्लीकडे जाणार असाल तर इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह, ड्रायव्हरचं फोल्डर आणि रिकव्हरी की चंद्रपूर किंवा गडचिरोली शहरातच तयार करून घ्या. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या आपण वाचत आलोय. तिथे बसून दीड जीबीची फाइल उतरवण्याची आशा धरू नका.

आणि मदत मागायची वेळ आली तर ‘डिस्क दिसत नाही’ एवढंच लिहू नका. लॅपटॉपचं मॉडेल, बायोसला दिसते की नाही, कंट्रोलरचा मोड, इन्स्टॉलरची आवृत्ती, स्क्रीनवरचा मजकूर जसाच्या तसा, आणि आतापर्यंत काय काय बदललं ते क्रमाने द्या. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वेळेसकट वहीत लिहा. सेटिंग तीन ठिकाणी एकदम बदलून डिस्क दिसू लागली, तर कशामुळे दिसली हे तुम्हालाही सांगता येणार नाही. मग हॉस्टेलमधल्या पुढच्या मित्राची डिस्क अडली की पुन्हा शून्यापासून सुरुवात.

आज एवढंच करा: बिटलॉकर चालू आहे का बघा आणि चालू असेल तर की लिहून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे.