‘सुटला’, ‘सोडला’ आणि ‘सुटू दिला’ : औद्योगिक उत्तरदायित्वाचे व्याकरण

उद्योगसंस्थेच्या नैतिक उत्तरदायित्वाचा विचार बहुधा अर्थशास्त्राच्या किंवा विधिशास्त्राच्या कक्षेत होतो. तथापि घडल्या गोष्टीचा कर्ता कोण, हा प्रश्न व्याकरणाचाही आहे.

मराठीत सुटणे–सोडणे, तुटणे–तोडणे, फुटणे–फोडणे अशा क्रियापदांच्या जोड्या आहेत. पहिले क्रियापद घटनेपुरते बोलते. दुसऱ्याला ती घडविणारा कर्ता हवा असतो. कचेरीच्या भाषेचा ओढा पहिल्याकडे. कागद गहाळ होतो, हिशेबात तफावत आढळते, मजुरी थकते. ती थकविणारा मात्र वाक्यात येत नाही.

भोपाळची घटना या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट वायू शहरावर पसरला व हजारो माणसे मृत्युमुखी पडली. टाकीत पाणी शिरले, तापमान वाढले, दाब वाढला, वायू सुटला. यांतील एकही वाक्य खोटे नाही आणि एकालाही जबाबदार कर्ता नाही. परंतु त्यापूर्वीचा वृत्तांत अशा वाक्यांत मावत नाही. रसायन थंड राखणारी यंत्रणा व्यवस्थापनाने त्याच वर्षी बंद केली होती. निसटता वायू जाळणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढून ठेवलेली होती. १९८२ साली तर मूळ अमेरिकन कंपनीच्याच तपासनीसांनी कारखान्यातील धोके लिहून दिले होते.

उलट, एका असंतुष्ट कामगाराने टाकीत बुद्ध्या पाणी सोडले, असे स्पष्टीकरण कंपनीने पुढे दिले. त्यात सकर्मक क्रियापद व कर्ता दोन्ही एकदम अवतरले. कर्ता अधिकाराच्या तळपायरीवर असला की वाक्याला तो चटकन सापडतो!

मग ‘व्यवस्थापनाने वायू सोडला’ असे म्हणावे काय? तेही यथार्थ नव्हे. तसा हेतू कोणाचा नव्हता. पण मराठीला तिसरी रचना अवगत आहे : ‘सुटू दिला’. येथील ‘देणे’ कर्त्याच्या माथी मूळ क्रिया मारीत नाही. ती थोपविणे त्याच्या हाती होते व त्याने ती थोपविली नाही, एवढेच सांगते. यात अनुमतीची छटा आहे खरी, परंतु अनुमती बोलूनच द्यावी लागते असे नाही. कामाच्या ठिकाणची बहुतेक नैतिक चूक याच रचनेत बसते.

न्यायालयातील वाद याच सीमेवर घुटमळला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने भारतीय अधिकाऱ्यांवरील सदोष मनुष्यवधाचा आरोप सौम्य करून हयगयीने मृत्यूस कारण होण्यापर्यंत आणला. जून २०१० मध्ये भोपाळच्या न्यायालयाने हयात असलेल्या सात जणांना दोन वर्षांचा कारावास सुनावला. भरपाईपुरता निराळा मार्ग १९८६ सालीच निघाला होता. दिल्लीतील ओलियम वायुगळतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने धोकादायक उद्योग चालविणाऱ्यावर अपायाचे निरपवाद दायित्व ठेविले. योग्य काळजी घेतली होती, हा बचाव तेथे चालत नाही. म्हणजे ‘सुटला’ एवढे सिद्ध झाले तरी पुरे. या तत्त्वावर भोपाळच्या दाव्याचा अंतिम निवाडा मात्र झाला नाही. केंद्र सरकार व कंपनी यांनी १९८९ साली ४७ कोटी डॉलरांच्या तडजोडीने तो मिटविला.