पुण्यानुमोदन झाले, त्या घरातल्या दुःखाचे काय?

गेल्या पावसाळ्यात रोहा तालुक्यातील एका बौद्धवाडीत आम्ही पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमास गेलो होतो. धाटावच्या एमआयडीसीत कामाला जाणारा तरुण वारला होता. त्रिसरण-पंचशील झाले, मग भाषणे सुरू झाली ती दुपार कलेपर्यंत. "ताई, रडू नका, सर्व अनित्य आहे", असे प्रत्येकाने सांगितले. त्या ताई जेवल्या काय, हे एकानेही विचारले नाही. वक्त्यांत आम्हीही होतो.

पिंडदान, दहावे, तेरावे आपण टाकले ते योग्यच केले. पण त्या जागी आपण शोकसभाच तेवढी आणली काय?

पोटचे मेलेले मूल घेऊन आलेल्या किसा गोतमीला तथागतांनी आधी उपदेश केला नाही. ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आण, म्हणून सांगितले. श्रावस्तीत ती दारोदार फिरली. दारोदारी लोकांनी तिला आपापले मेलेले माणूस सांगितले आणि अनित्यता तिला तिथे कळली. आपण मात्र ती माईकवरून सांगतो!

बाबासाहेबांचा राजरत्न १९२६ च्या जुलैत गेला. त्याआधीही त्यांनी मुले गमावली होती. ऑगस्टमध्ये दत्तोबा पवारांना लिहिलेल्या पत्रात हा बाप आपले दुःख लपवीत नाही. आणि आठच महिन्यांनी, २० मार्च १९२७ रोजी, आपल्याच तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात महाडच्या चवदार तळ्यावर तो उभा आहे. तेव्हा रडणारा माणूस चळवळीला कच्चा, ही समजूत आपण कुठून आणली?

वकिलीत आम्ही याची दुसरी बाजू पाहतो. घरात माणूस जाऊन महिनाही होत नाही तोच हक्कसोडपत्राचा कागद पुढे येतो. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ बौद्धांनाही लागू आहे; विधवा, मुलगे, मुली आणि आई हे सारे पहिल्या वर्गाचे वारस. पण ज्या बाईला समोरचे अक्षर दिसत नाही तिला कलम काय सांगणार? शोकातली बाई भांडत नाही, सही करते.

महिन्याने आम्ही त्या ताईंकडे पुन्हा गेलो, या वेळी नुसते बसायला. शेजारच्या दोन म्हाताऱ्या रोज रात्री सोबतीला झोपायला येत होत्या. ताई तासभर नवऱ्याविषयी बोलत राहिल्या, रडल्याही. दिराने आणलेला कागद फळीवर तसाच पडून होता. "भावजी, पावसानंतर बघू", असे त्यांनी सांगितले होते म्हणे.