लोकनायक बापूजी अणे : पेच, माघारी आणि राजीनामे

माधव श्रीहरी अणे, अर्थात लोकनायक बापूजी अणे, यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणी येथे झाला. लोकमान्य टिळकांच्या राजकारणात ते घडले आणि पुढे महात्मा गांधींच्या चळवळीत तुरुंगात गेले. सविनय कायदेभंगाच्या पडत्या काळात काँग्रेसचे हंगामी अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद, सिलोनमधील भारताचे प्रतिनिधी, बिहारचे राज्यपाल आणि नागपूरचे खासदार ही पदेही त्यांनी भूषवली. पदांची ही यादी मोठी असली तरी त्यांच्या सहा दशकांच्या राजकारणात सरळ चढती वाट कुठेच नाही. आपल्याच पक्षाच्या निर्णयांना त्यांनी वारंवार विरोध केला, दोनदा त्यांना मोठी पदे सोडावी लागली आणि उतारवयात ज्या मागणीसाठी ते झटले ती अपुरी राहिली. यांतल्या बहुतेक अडचणींच्या मुळाशी त्यांची एकच वृत्ती होती. निर्णयाआधी मतभेद उघड बोलून दाखवायचा, निर्णय झाल्यावर शक्यतो शिस्त पाळायची आणि ती पाळणे मनाला पटेनासे झाले की पद सोडायचे, असा त्यांचा रिवाज होता.

वऱ्हाडची चौकट

अण्यांची पहिली अडचण त्यांच्या प्रदेशाच्या घडणीतच होती. वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेले, तरी कागदोपत्री सार्वभौमत्व निजामाचेच राहिले. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन आणि निजाम मीर महबूब अली खान यांच्यात करार होऊन वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाडचा कायमचा पट्टा इंग्रजांना मिळाला. लगेच १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभाराला जोडले गेले. तांत्रिकदृष्ट्या हा मुलूख ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हता. त्यामुळे १९१९ च्या सुधारणांनंतर वऱ्हाडचे मतदार केंद्रीय विधिमंडळासाठी प्रतिनिधी निवडत, पण सरकार त्याची ‘नेमणूक’ करी तेव्हाच तो सभागृहात बसे. लोकांनी निवडलेल्या अण्यांनाही याच दारातून जावे लागले.

यवतमाळ जिल्ह्याची स्थितीही राष्ट्रीय नेतृत्वाला पोषक नव्हती. ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातील एका ‘सरकार’चे ठाणे म्हणून याच भागातल्या कळंबची नोंद आहे. हे गाव एके काळी मोठ्या मुलखाच्या कारभाराचे केंद्र होते. इंग्रजी अमदानीत ते महत्त्व ओसरले आणि सत्तेचे ठाणे यवतमाळला गेले. पूर्वी ‘वून’ म्हणजे वणी जिल्हा म्हणून ओळखला जाणारा हा भाग १९०५ पासून यवतमाळ जिल्हा झाला. कापसाचा हा मुलूख पुण्या-मुंबईच्या राजकारणापासून दूर होता. उच्च शिक्षणासाठी इथल्या मुलांना नागपूर गाठावे लागे. अणे नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकले. त्यांची पदवी कलकत्ता विद्यापीठाची होती, कारण नागपूरला तेव्हा स्वतःचे विद्यापीठ नव्हते. अमरावतीत काही काळ शिक्षकी केल्यावर १९०८ मध्ये त्यांनी यवतमाळला वकिली सुरू केली.

ते वर्षही कठीण होते. आदल्या वर्षी सुरतेत काँग्रेस फुटली होती आणि जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांची रवानगी मंडालेला झाली. नेता तुरुंगात आणि अनुयायी पोलिसांच्या नजरेखाली, अशा काळात जिल्ह्यातले राष्ट्रीय काम टिकवणे हीच अण्यांची पहिली कसोटी ठरली. १९१४ मध्ये टिळक सुटले आणि १९१६ मध्ये होमरूल चळवळ उभी राहिली. वऱ्हाडात तिचे नेतृत्व दादासाहेब खापर्डे यांच्याकडे होते आणि तिच्या कामात अणे पुढच्या फळीत होते. यवतमाळहून त्यांनी ‘लोकमत’ हे साप्ताहिकही सुरू केले. पुढे बंद पडलेले हे नाव जवाहरलाल दर्डा यांनी १९५२ मध्ये पुन्हा चालू केले.

टिळकांनंतरचा पेच

१ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले. त्याच वर्षी डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात गांधीजींच्या असहकारावर शिक्कामोर्तब झाले. वऱ्हाड-नागपूरच्या टिळकपंथीयांना हा मार्ग पटत नव्हता. विधिमंडळावरील बहिष्कारामुळे हाती असलेले एक साधन वाया जाते, असे त्यांचे म्हणणे होते. अणेही याच मताचे होते. काँग्रेसने खिलाफतीच्या प्रश्नात स्वतःला झोकून देणेही त्यांना मान्य नव्हते. तरीही ते काँग्रेसमध्येच राहिले आणि १९२१ पासून दशकभर विदर्भ प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. स्वतःला न पटलेला कार्यक्रम प्रांतात राबवणाऱ्या संघटनेचे प्रमुखपद त्यांच्या वाट्याला आले होते.

स्वराज्य पक्षाने विधिमंडळप्रवेशाची वाट उघडली तेव्हा अणे केंद्रीय विधिमंडळात गेले. पण तिथेही फार दिवस स्वस्थता लाभली नाही. ऑक्टोबर १९२५ मध्ये मध्य प्रांत विधिमंडळाचे स्वराज्य पक्षीय अध्यक्ष श्री. बा. तांबे यांनी गृहसभासदपद स्वीकारले आणि पक्षात वादळ उठले. सरकारी पदे घ्यावीत की नाही, यावर मोतीलाल नेहरूंचा एक गट आणि जयकर, केळकर, मुंजे यांचा दुसरा गट असे तट पडले. टिळकांच्या प्रतियोगी सहकारितेच्या, म्हणजे सरकार देईल तितक्या सहकार्याला तितकेच सहकार्य देण्याच्या, तत्त्वाचा हवाला देणाऱ्या दुसऱ्या गटात अणे होते. १९२६ मधील समेटाचा साबरमती करार काही दिवसांतच मोडला आणि एकाच गुरूचे नाव सांगणारे कार्यकर्ते निवडणुकीत एकमेकांसमोर उभे राहिले. वऱ्हाडच्या मतदारांनी अण्यांच्या बाजूला साथ दिली, पण राष्ट्रीय काँग्रेसमध्ये त्यांच्यावर ‘मवाळ’ असा शिक्का बसला. विरोधकांशीही ते एकत्र काम करू शकत, याची साक्ष मोतीलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखालील १९२८ च्या घटना समितीतून मिळते. त्या समितीचे ते सदस्य होते.

पुसदचे जंगल

१९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाने देश ढवळून निघाला तेव्हा समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या वऱ्हाडात कोणता कायदा मोडायचा, हा प्रश्न होता. इथल्या शेतकऱ्याला रोज जाचत होते ते जंगलाचे निर्बंध. गुरांना चारा आणि चुलीला सरपण हवे असताना राखीव जंगलाची वाट बंद होती. विधिमंडळ सोडलेल्या अण्यांनी १० जुलै १९३० रोजी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून सत्याग्रह केला आणि ते तुरुंगात गेले. पुढच्याच पंधरवड्यात यवतमाळजवळच्या लोहारा येथे डॉ. केशव बळिराम हेडगेवार यांनी असाच सत्याग्रह करून शिक्षा भोगली. ज्यांच्यावर मवाळपणाचा शिक्का होता त्या अण्यांनी चळवळीला स्थानिक रूप दिले आणि तिची किंमतही स्वतः मोजली.

१९३३ : हंगामी अध्यक्षपद

१९३२ मध्ये सरकारने काँग्रेस बेकायदा ठरवली. अध्यक्षामागून अध्यक्ष अटकेत जात असताना हंगामी अध्यक्षपद अण्यांकडे आले. मे १९३३ मध्ये गांधीजींनी २१ दिवसांचे उपोषण सुरू केले. त्यांच्या सल्ल्यावरून अण्यांनी कायदेभंग सहा आठवड्यांसाठी स्थगित केला. यावर टीकेची झोड उठली. व्हिएन्नात असलेले विठ्ठलभाई पटेल आणि सुभाषचंद्र बोस यांनी पत्रक काढून गांधीजींचे नेतृत्व अयशस्वी ठरल्याचे जाहीर केले. जुलैमध्ये पुण्यात अण्यांच्या अध्यक्षतेखाली कार्यकर्त्यांची परिषद भरली. गांधीजींनी व्हाइसरॉय विलिंग्डन यांची भेट मागितली, ती नाकारली गेली. त्यानंतर सामुदायिक कायदेभंग थांबवून वैयक्तिक सत्याग्रह चालू ठेवण्याचे आणि काँग्रेसच्या समित्या तूर्त विसर्जित करण्याचे पत्रक अण्यांच्या सहीने निघाले.

चळवळ ऐन भरात असताना तिचे नेतृत्व करण्याचे भाग्य अनेकांना लाभले. थकलेली चळवळ आवरती घेण्याचे अप्रिय काम अण्यांना करावे लागले. हजारो कार्यकर्ते तुरुंगात होते, अनेकांच्या जमिनी आणि घरे जप्त झाली होती, आणि निर्णयाची घोषणा करणाऱ्याकडेच सगळ्या निराशेचा रोख वळला. तरी निर्णय आपल्या एकट्याचा नव्हता, असे सांगून अण्यांनी हात झटकले नाहीत.

निवाड्यावरून फारकत

पुढचा पेच तत्त्वाचा होता. ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनाल्ड यांनी धर्म आणि जातींनुसार स्वतंत्र मतदारसंघ देणारा जातीय निवाडा जाहीर केला होता. १९३४ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने त्याबाबत ‘स्वीकारही नाही आणि धिक्कारही नाही’ अशी भूमिका घेतली. राष्ट्रीय एकतेला बाधक ठरणाऱ्या निवाड्याबद्दल काँग्रेसने मौन पाळू नये, असे पं. मदनमोहन मालवीय आणि अणे यांचे मत होते. समजुतीचे प्रयत्न फसल्यावर दोघांनी राजीनामे दिले आणि ऑगस्ट १९३४ मध्ये काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष स्थापन केला. वर्षभरापूर्वी काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष असलेले अणे आता काँग्रेसच्या अधिकृत उमेदवारांविरुद्ध प्रचार करत होते. बंगालमध्ये पक्षाला चांगले यश मिळाले, पण देशभर त्याचा पाया रुंदावला नाही. केंद्रीय विधिमंडळात अण्यांनी या छोट्या गटाचे नेतृत्व केले. निवाड्याचा आधार घेऊनच १९३५ चा कायदा आला, त्यामुळे ज्यासाठी पक्ष काढला ते साध्य झाले नाही.

व्हाइसरॉयचे मंडळ आणि चिमूर

अण्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत वादग्रस्त टप्पा १९४१ मध्ये सुरू झाला. महायुद्धाच्या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात हिंदी सभासदांची संख्या वाढवण्यात आली. परदेशस्थ भारतीयांचे खाते अण्यांनी स्वीकारले. ब्रह्मदेश, मलाया, सिलोन आणि आफ्रिकेतील लाखो भारतीयांचे प्रश्न या खात्याकडे होते. मात्र त्याच काळात काँग्रेसचा वैयक्तिक सत्याग्रह चालू होता, त्यामुळे जुन्या सहकाऱ्यांना हा निर्णय रुचला नाही. वर्षभरात ‘छोडो भारत’ आंदोलन पेटले आणि ते दडपणाऱ्या सरकारचे अणे एक सभासद ठरले.

या पेचाची सर्वांत तीव्र झळ त्यांना त्यांच्याच मुलखातून बसली. वणीच्या शेजारच्या चांदा जिल्ह्यात चिमूर येथे १६ ऑगस्ट १९४२ रोजी उठाव झाला. त्यानंतर गावावर झालेल्या अत्याचारांची, विशेषतः स्त्रियांवरील अत्याचारांची, चौकशी व्हावी अशी मागणी पुढे आली. सेवाग्राम आश्रमातील प्रा. जयकृष्ण भन्साळी यांनी दिल्लीत अण्यांची भेट घेऊन चिमूरला या, चौकशी करा, नाहीतर पद सोडा, असा आग्रह धरला. अण्यांनी ते मानले नाही, तेव्हा भन्साळींनी त्यांच्याच घरी उपोषणाला सुरुवात केली. सरकारने भन्साळींना वर्ध्याकडे परत पाठवले. त्यांचे उपोषण पुढे दोन महिने चालले आणि १२ जानेवारी १९४३ रोजी सुटले. मंडळात राहून काही साधता येईल या विश्वासाला बसलेला हा मोठा तडा होता. या प्रसंगी अण्यांनी घेतलेली भूमिका त्यांच्या चाहत्यांनाही समर्थनीय वाटणे कठीण आहे.

महिन्याभरात निर्णायक क्षण आला. १० फेब्रुवारी १९४३ रोजी गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये २१ दिवसांचे उपोषण सुरू केले. प्रकृती ढासळत असूनही सरकार त्यांना सोडायला तयार नव्हते. १७ फेब्रुवारीला अणे, सर होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार या तिघांनी मंडळाचे राजीनामे दिले. गांधीजींच्या कार्यक्रमाला आयुष्यभर प्रश्न विचारणाऱ्या अण्यांनी गांधीजींच्या जिवासाठी त्या वेळचे सर्वोच्च सरकारी पद सोडले.

सिलोन ते बिहार

१९४३ ते १९४७ या काळात अणे सिलोनमध्ये भारत सरकारचे प्रतिनिधी होते. तेथील मळ्यांत राबणाऱ्या तमिळ मजुरांच्या नागरिकत्वाचा प्रश्न तेव्हा चिघळत होता. तो पुढेही दीर्घकाळ सुटला नाही. परत आल्यावर ते संविधान सभेचे सदस्य झाले आणि १२ जानेवारी १९४८ पासून जून १९५२ पर्यंत बिहारचे राज्यपाल राहिले. मानाच्या या पदामुळे विदर्भाच्या भवितव्याची चर्चा रंगत असताना त्यांना उघड राजकारणापासून दूर राहावे लागले.

विदर्भाची अपुरी मागणी

मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या विधिमंडळाने १ ऑक्टोबर १९३८ रोजीच स्वतंत्र विदर्भाचा ठराव केला होता. स्वातंत्र्यानंतर अणे आणि ब्रिजलाल बियाणी यांनी राज्य पुनर्रचना आयोगापुढे हीच बाजू मांडली. १९५५ च्या अहवालात आयोगाने आठ जिल्ह्यांच्या स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली. पण १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. संयुक्त महाराष्ट्राची लाट प्रबळ होती आणि स्वतंत्र विदर्भाच्या मागणीला मराठीपणाशी फितुरी ठरवणारा एक सूरही त्यात होता.

१९५९ मध्ये नागपूर लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. अठ्ठ्याहत्तरीतले अणे स्वतंत्र विदर्भाच्या मागणीवर अपक्ष म्हणून उभे राहिले आणि काँग्रेसचा पराभव करून निवडून आले. हा कौल स्पष्ट असूनही १ मे १९६० रोजी विदर्भासह महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. १९६२ मध्ये नागपूरकरांनी त्यांना पुन्हा अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवले. दोन निवडणुका जिंकूनही मूळ मागणी हरली, असा हा विलक्षण पराभव होता. विदर्भाचा अनुशेष, कापूस उत्पादकांची दैना आणि पुढे यवतमाळ जिल्ह्यातील शेतकरी आत्महत्या यांमुळे हा प्रश्न चर्चेत राहिला. मार्च २०१६ मध्ये राज्याचे महाधिवक्ता श्रीहरी अणे यांनी स्वतंत्र विदर्भाच्या भूमिकेवरून पद सोडले. ते बापूजींचे नातू.

मूल्यमापन

२६ जानेवारी १९६८ रोजी अण्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण मिळाले. टिळकांवर त्यांनी संस्कृतात लिहिलेल्या ‘तिलकयशोऽर्णवः’ या प्रदीर्घ काव्यचरित्राला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मरणोत्तर लाभला.

अण्यांच्या अपयशांचे दोन भाग पडतात. निवाड्याचा विरोध, नवा पक्ष आणि स्वतंत्र विदर्भ ही अपयशे बलाढ्य संघटनेसमोर एकट्याने उभे राहण्याची होती. असहकाराबाबतची शंका आणि मंडळातील सहभाग यांचे मूळ त्यांच्या सनदशीर मार्गावरील श्रद्धेत होते. चिमूरच्या वेळी ती श्रद्धा उणी पडली. पण तुरुंग, पक्षत्याग आणि पदत्याग या तिन्ही वेळी त्यांनी नुकसान स्वतःकडे घेतले. वऱ्हाडसारख्या, ज्याच्या लोकप्रतिनिधीला सभागृहात शिरायला सरकारी नेमणूक लागे, अशा मुलखातून आलेल्या या नेत्याने राष्ट्रीय राजकारणात मतभेदाला जागा मिळवून दिली. बहुमताच्या पक्षात राहून वेगळे बोलणे आणि त्याची किंमत मोजणे, हेच त्यांच्या कारकिर्दीचे खरे संचित आहे.